पाळकाला ‘हे माझ्या मनाला पटत नाही’ म्हणता येतं का?

नाताळच्या सुट्टीत माझा भाचा आठ दिवस आमच्याकडे नागपूरला होता. बी.डी.चं, म्हणजे पाळकाच्या शिक्षणाच्या पदवीचं, शेवटचं वर्ष सुरू आहे. पुढे डायोसीसच्या (बिशपच्या हाताखालच्या प्रांताच्या) समितीपुढे मुलाखत, मग डीकन, म्हणजे पाळकाआधीची पायरी, मग पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, असा त्याचा रस्ता ठरलेला. एका दुपारी गच्चीवर उन्हात बसलो असताना त्याने हळूच विषय काढला. “मामा, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला माझं मन घेत नाही. विश्वास म्हणजे काय हे ज्याला कळतं त्यानेच बाप्तिस्मा घ्यावा, असं मला वाटतं. मुलाखतीत हे सांगू का? सांगितलं तर दीक्षा अडेल. नाही सांगितलं तर वेदीसमोर खोटं बोलल्यासारखं होईल. तुम्हीच सांगा.”

मी पाळक नाही. बरीच वर्षं मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीत काम केलंय, तेवढाच माझा अधिकार. पण त्याने विचारलेला प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे. त्यावरून मंडळ्या फुटल्या, इमारतींचे खटले झाले, माणसं घरदार सोडून निघाली. आणि आपल्या नागपूरचा या प्रश्नाशी दोनदा फार जवळून संबंध आलाय. त्या दुपारी त्याला जे सांगितलं, ते इथे जरा नीट लावून लिहितो. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही समजावं असा प्रयत्न आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. मंडळीचा सभासद असणं वेगळं आणि मंडळीत दीक्षित पाळक असणं वेगळं. सभासदाला शंका असतात, त्या तो मनात ठेवतो, बोलून दाखवतो, वाद घालतो. पंडिता रमाबाईंचंच उदाहरण घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेचच ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांना मार्गदर्शन करत होत्या त्यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार, सगळ्यावर प्रश्न. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. बायबल वाचून स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच त्या घेणार होत्या. त्यांच्या हितचिंतकांना याचा फार त्रास झाला, पण त्यांचं ख्रिस्ती असणं त्यामुळे कुणी काढून घेतलं नाही.

पाळकाचं तसं नसतं. दीक्षेच्या वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवले जातात आणि त्याला काही प्रश्न सर्वांसमोर विचारले जातात. अमुक शिक्षण तू खरं मानतोस का, मंडळीचे नियम पाळशील का. त्याचं ‘होय’ त्याच्या एकट्यापुरतं राहत नाही. उद्या तो कुणाचं लग्न लावणार, कुणाला माती देणार, कुणाला प्रभुभोजन देणार. नागपूरकरांना सामुदायिक प्रतिज्ञेचं वजन वेगळं सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा इथल्या घराघरांत पाठ आहेत. पण ती प्रतिज्ञा प्रत्येकाने आपल्या आयुष्यासाठी घेतली. पाळकाच्या प्रतिज्ञेत दुसऱ्यांची आयुष्यंही येतात. म्हणून मंडळ्या त्याला कसून तपासतात, आणि म्हणूनच त्याच्या विवेकाचा प्रश्न अवघड होतो.

तपासायचं कशावर? प्रेस्बिटेरियन परंपरेत, म्हणजे वडिलांच्या (मंडळीने निवडलेल्या ज्येष्ठ कारभाऱ्यांच्या) सभांनी कारभार चालवणाऱ्या मंडळ्यांत, यासाठी वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची लेखी कबुली, वापरला जातो. १६४० च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेला, ३३ प्रकरणांचा. देव कोण इथपासून लग्न, शपथ, राजसत्ता, शेवटचा न्याय इथपर्यंत सगळं त्यात बांधून दिलंय. आणि याच मतांगीकाराच्या विसाव्या प्रकरणात असंही लिहिलंय की माणसाच्या विवेकाचा धनी एकटा देव आहे. देवाच्या वचनाविरुद्ध असलेल्या माणसांच्या आज्ञांपासून त्याने विवेकाला मोकळं ठेवलंय. म्हणजे ज्या कागदावर सही मागितली जाते, तोच कागद सांगतो की विवेकावर माणसाचा हक्क नाही. पुढचा सगळा झगडा या दोन गोष्टी एकाच कागदात असल्यामुळे झालाय, असं मला वाटतं.

अमेरिकेत १७२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या सिनॉडपुढे, म्हणजे मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेपुढे, हा पेच पहिल्यांदा स्पष्टपणे आला. काहींना हवं होतं की प्रत्येक पाळकाने मतांगीकारावर पूर्ण सही करावी. दुसरे म्हणत, माणसांनी लिहिलेल्या कागदाला बायबलइतका मान देणं हेच चुकीचं. शेवटी जो मार्ग काढला तो आजही वापरात आहे. उमेदवाराला एखादं कलम खटकत असेल तर त्याने ते दीक्षेआधी, सभेसमोर, उघड सांगायचं. मग सभेने ठरवायचं की हे कलम विश्वासाच्या गाभ्यातलं आहे की गाभ्याबाहेरचं. गाभ्यातलं असेल तर दीक्षा नाही. बाहेरचं असेल तर दीक्षा मिळेल, आणि त्या मतभेदावरून कुणी त्याला हिणवायचं नाही. त्याच दिवशी तिथे बसलेल्या पाळकांनी स्वतःचीही अडचण नोंदवली. मंडळीच्या कारभारात राजसत्तेला अधिकार देणारी विसाव्या आणि तेविसाव्या प्रकरणांतली काही वाक्यं त्यांना मान्य नव्हती.

या खटकणाऱ्या मुद्द्याला इंग्रजीत ‘स्क्रुपल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे टोकदार बारीक खडा. चपलेत अडकलेला. चालणं थांबत नाही, पण प्रत्येक पावलाला टोचतो. भाच्याला मी म्हटलं, तुझ्या चपलेत खडा आहे एवढंच आत्ता आपल्याला कळलंय. आता तो काढता येतो, की तसंच चालता येतं, की चप्पलच बदलायला हवी, हे बघायचंय.

१७२९ च्या या तोडग्यात एक जागा मोकळी राहिली. गाभा कोणता, हे कुणी ठरवायचं? स्थानिक सभेने, की सगळ्यांत वरच्या महासभेने? १९१० मध्ये अमेरिकेतल्या महासभेने पाच मुद्दे काढून सांगितलं की हे मानल्याशिवाय दीक्षा नाही. बायबलची निर्दोषता, येशूचा कुमारीपासून जन्म, त्याचं आपल्याऐवजी मरण, त्याचं सदेह पुनरुत्थान आणि त्याचे चमत्कार. १९१६ आणि १९२३ मध्ये हे पुन्हा बजावलं. त्यावर १९२४ मध्ये ऑबर्न इथून एक निवेदन निघालं आणि पुढे त्यावर १,२७४ पाळकांनी सह्या केल्या. या पाच गोष्टी खोट्या आहेत, असं सह्या करणारे म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की महासभेला एकटीला, स्थानिक सभांची संमती न घेता, दीक्षेच्या अटी वाढवता येत नाहीत. १९२७ मध्ये महासभेनेच नेमलेल्या आयोगाचा अहवाल स्वीकारला गेला आणि हे म्हणणं मान्य झालं. ज्यांना तो निर्णय म्हणजे विश्वासाशी फितुरी वाटली, त्यांतले काही पुढच्या दहा वर्षांत बाहेर पडले.

इथे नागपूर येतं.

सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या नावाने ते आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा काढली, गोंडांची गाणी-कथा गोळा केल्या, इथल्या दगडांत झाडापानांचे जीवाश्म शोधले. १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना ते पाण्यात बुडून गेले. शाळेचं कॉलेज झालं ते त्यांच्यानंतर, १८८३ मध्ये. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यांना ज्या मंडळीने पाठवलं तिचं नाव ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ होतं, आणि हिस्लॉप नागपुरात पोचले तेव्हा ती मंडळी जेमतेम दोन वर्षांची होती. ‘फ्री’ कशापासून, हे सहसा कुणी विचारत नाही.

स्कॉटलंडमध्ये गावचा पाळक कोण हे बहुतेक ठिकाणी जमीनदार ठरवायचा. गावाला पसंत असो वा नसो. १८३४ मध्ये तिथल्या महासभेने नियम केला की कुटुंबप्रमुखांच्या बहुमताने नकार दिला तर तो माणूस पाळक होणार नाही. त्याच वर्षी ऑक्टरार्डर नावाच्या गावात जमीनदाराने एक उमेदवार दिला. त्याला बोलावण्याच्या पत्रावर गावातल्या फक्त दोघांनी सही केली. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी विरोध नोंदवला. उमेदवार कोर्टात गेला. १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की जमीनदाराचा हक्क कायद्याने दिलेला आहे, मंडळीला तो नाकारता येणार नाही.

चार वर्षं खटपट झाली, सरकार हललं नाही. १८ मे १८४३ ला एडिनबर्गमध्ये महासभा भरली तेव्हा मावळत्या अध्यक्षाने निषेध वाचला, टेबलावर ठेवला आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागे रांगेने इतर. बाराशेच्या आसपास पाळकांपैकी साडेचारशेहून अधिक जणांनी नोकरी सोडली. पगार गेला, राहतं घर गेलं, चर्चची इमारत गेली. कित्येकांनी पुढचे महिने उघड्यावर, कोठारात उपासना घेतली. हिंदुस्थानातले मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले. मुंबईचे जॉन विल्सन, कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ. डफ यांना स्वतः उभी केलेली संस्था इमारतीसकट सोडावी लागली आणि त्याच शहरात नव्याने सुरुवात करावी लागली.

मला या घटनेबद्दल मनापासून आदर आहे, आणि त्याचं कारण भाच्याला मी मुद्दाम सांगितलं. त्या लोकांनी विवेकाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून दिली नाही. स्वतःच्या दिली.

पण हीच गोष्ट पुढे वेगळ्या वळणावर गेली. १८९२ मध्ये या फ्री चर्चने वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकाराचा अर्थ थोडा सैल केला, म्हणजे पाळकाला गाभ्याबाहेरच्या बाबतींत मोकळीक दिली. १९०० मध्ये ती दुसऱ्या एका मोठ्या मंडळीत मिसळून युनायटेड फ्री चर्च झाली. मूठभर पाळक या विलीनीकरणात गेले नाहीत. त्यांनी दावा केला की आम्हीच मूळ फ्री चर्च, मालमत्ता आमची. आणि १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दानात मिळालेली मालमत्ता ज्या तत्त्वांसाठी दिली होती ती तत्त्वं बहुमताने सोडली, सबब बहुमताचा हक्क गेला, असा त्या निकालाचा अर्थ होता. हजारावर मंडळ्या एका दिवसात स्वतःच्याच इमारतींत परक्या झाल्या. शेवटी १९०५ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून वाटणी करावी लागली. नागपूरचं मिशन तेव्हा याच युनायटेड फ्री चर्चकडे होतं. विवेकासाठी घर सोडून निघालेल्यांच्या पुढच्या पिढीला घर टिकवण्यासाठी कायदा मागावा लागला, हे वाचून मला दरवेळी वाईट वाटतं.

आपल्या देशात हा प्रश्न संविधानातही आहे. अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २६ धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार स्वतः चालवण्याचा हक्क देतो. व्यक्ती आणि तिचा संप्रदाय यांचं पटेनासं झालं की हे दोन अनुच्छेद समोरासमोर उभे राहतात. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजाबाहेर टाकण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. त्या निकालावर पुन्हा विचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवलं गेलं. पाळकाला दीक्षा द्यावी की नाही, यात मात्र कोर्ट शक्यतो हात घालत नाही. तो मंडळीचा घरचा निर्णय, म्हणून घरातच नीट घ्यावा लागतो.

आता ज्या प्रकरणाने मला स्वतःला सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते सांगतो. अमेरिकेत पिट्सबर्गला १९७४ मध्ये केनियन नावाचा तरुण दीक्षेसाठी उभा राहिला. हुशार, प्रामाणिक. त्याला विचारलं गेलं, मंडळीने निवडलेल्या स्त्रीला दीक्षा देण्यात तू भाग घेशील का? तो म्हणाला, नाही. माझ्या समजुतीप्रमाणे बायबल त्याला परवानगी देत नाही. पण मी अडवणार नाही, दुसऱ्या पाळकाला बोलावू द्या. दीक्षित झालेल्या स्त्रियांबरोबर कामही करीन. त्याच्या प्रेस्बिटरीने, म्हणजे तिथल्या स्थानिक सभेने, त्याला मान्यता दिली. तक्रार वर गेली, आणि चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळाने निर्णय फिरवला. त्या मंडळीत स्त्रियांना पाळकाची दीक्षा १९५६ पासून सुरू होती. न्यायमंडळ म्हणालं, देवासमोर स्त्री-पुरुष समान आहेत हा आमच्या विश्वासाचा भाग आहे. पदावर बसणाऱ्याला त्यातून सूट मागता येणार नाही.

भाचा इथे चमकला. “मामा, मग तो आणि मी एकच की! मीही तेच म्हणतोय, दुसऱ्याला बोलवा.”

वरवर सारखंच दिसतं खरं. मी बराच काळ केनियनच्या बाजूने विचार करत असे. त्याने काही लपवलं नव्हतं, कुणाला अडवणारही नव्हता. पण मग त्या मंडळीतल्या एखाद्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं. ती वडील म्हणून निवडून आलीये. दर आठवड्याला त्याच पाळकाबरोबर त्याच टेबलाशी बसायचंय. आणि तिला माहीत आहे की शेजारी बसलेल्या माणसाच्या लेखी तिचं तिथे बसणंच चूक आहे. विधीला दुसरा पाळक आला तरी ही गोष्ट संपत नाही. तिच्या पदाला लागलेलं प्रश्नचिन्ह रोज तिथेच राहतं. म्हणून आता माझं मत असं झालंय की न्यायमंडळाचा निर्णय कठोर होता, पण चूक नव्हता. सगळे असं मानत नाहीत. १९८१ मध्ये निघालेल्या इव्हँजेलिकल प्रेस्बिटेरियन चर्चने स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्न गाभ्याबाहेरचा मानला आणि ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला.

त्याच मोठ्या अमेरिकन मंडळीत पुढे समलिंगी व्यक्तींच्या दीक्षेवरून तीसेक वर्षं वाद चालला. तिथे एक नवा पेच आला. मत वेगळं असणं आणि वागणं वेगळं असणं यांत फरक करायचा का? २००८ मध्ये न्यायमंडळ म्हणालं, मतापुरती सूट मिळेल, वागणुकीला मिळणार नाही. त्याच वर्षी महासभेने हा अर्थ बदलला. २०११ मध्ये जुना नियमच गेला, आणि मग ज्यांना तो नियम हवा होता त्यांच्या विवेकाचा प्रश्न उभा राहिला. नियम कुठल्याही बाजूला झुकला तरी कुणाच्या तरी चपलेत खडा जातोच.

भाच्याचं उत्तर मात्र अमेरिकेत शोधायची गरज नाही. ते आपल्या नागपूरच्या सदर भागात आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपलं सी.एन.आय., स्थापन झालं. सहा मंडळ्या एकत्र आल्या. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेली संयुक्त मंडळी होती, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर थांबले. ते आजही वेगळे आहेत. १९२९ मध्ये लखनौला या बोलण्यांची सुरुवात झाली होती. चाळीस वर्षं लागली, आणि सगळ्यांत जास्त वेळ दीक्षा आणि बाप्तिस्मा या दोन गोष्टींनी खाल्ला.

अँग्लिकन म्हणत, बिशपच्या हातून झालेली दीक्षाच पूर्ण. प्रेस्बिटेरियन म्हणत, आमचे पाळक मग काय अर्धे? पुन्हा दीक्षा घ्या म्हणावं तर आजवर दिलेलं प्रभुभोजन, लावलेली लग्नं खोटी ठरतात. नको म्हणावं तर अँग्लिकनांचं मन मोडतं. शेवटी असं ठरलं की सगळ्याच परंपरांच्या पाळकांवर प्रार्थनेसह हात ठेवायचे. बिशपांवरही. प्रत्येकाजवळ जे कमी असेल ते देवाने द्यावं, अशा आशयाची ती प्रार्थना होती. कुणाजवळ काय कमी आहे, हे कागदावर लिहिलं नाही. काहींना ही पळवाट वाटली. मला ती नम्रता वाटते. जे माणसांना ठरवता येत नव्हतं ते त्यांनी ठरवल्याचा आव आणला नाही.

बाप्तिस्म्याचंही तसंच. बॅप्टिस्टांना बालबाप्तिस्मा मान्य नव्हता, इतरांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सी.एन.आय.ने दोन्ही पद्धती एकाच मंडळीत ठेवल्या. आणि ज्या पाळकाचं मन बालबाप्तिस्म्याला घेत नाही त्याच्यासाठी तरतूद केली: त्याने स्वतः देऊ नये, दुसऱ्या पाळकाला बोलवावं. बाळाच्या आईबापांना मात्र नकार मिळता कामा नये.

केनियनच्या आणि भाच्याच्या प्रकरणातला फरक मला इथे दिसतो. भाचा बाळाला बाप्तिस्मा देणार नाही. पण दुसऱ्या पाळकाने दिला की ते बाळ मंडळीचं आहे, हे त्याला मान्य करावं लागेल. त्याला प्रेमाने वाढवावं लागेल, बारा-पंधरा वर्षांनी दृढीकरणासाठी, म्हणजे त्याने स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीसाठी, तयारही करावं लागेल. मी त्याला हाच प्रश्न विचारला. “ते बाळ तुझ्या लेखी बाप्तिस्मा झालेलं असेल का? की तू मनातल्या मनात म्हणत राहशील, याचा खरा बाप्तिस्मा अजून व्हायचाय?”

तो बराच वेळ बोलला नाही. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग म्हणाला, “मामा, हे मला विचार करून सांगावं लागेल.”

मी लहान असताना आमच्याकडे असेच एक पाळकसाहेब होते. बॅप्टिस्ट घरातले. शेजारच्या घरी मुलगी झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्या मंडळीतल्या पाळकांना बोलावलं. स्वतः पहिल्या बाकावर बसले, गीतं म्हटली, आणि विधी झाल्यावर सगळ्यांत आधी पुढे होऊन त्यांनी त्या बाळाला उचलून घेतलं. त्या घरातल्या कुणालाही आपल्याला काही कमी मिळालं असं वाटलं नाही. आजी सांगायची, पाळकसाहेबांनी बाळाला घेतलं तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

भाच्याने जाण्याआधी समितीला द्यायचं निवेदन लिहायला घेतलं. पहिला खर्डा चार पानांचा होता. त्यात इतिहास होता, ग्रीक शब्द होते, बालबाप्तिस्मा का चूक हे सिद्ध करायची धडपड होती. मी म्हटलं, समितीला तुझा वाद जिंकायचा नाहीये, तू काय करशील ते ऐकायचंय. परवा त्याने फोनवर शेवटचा खर्डा वाचून दाखवला. पाच वाक्यं. मी काय करू शकत नाही. का, ते एका ओळीत. अशा वेळी मी स्वतः दुसऱ्या पाळकांना बोलावीन. विधीला हजर राहीन. आणि पाचवं वाक्य, जे लिहायला त्याला तीन आठवडे लागले: त्या बाळाचा बाप्तिस्मा झाला आहे असं मानून मी त्याचा पाळक होईन.